जर्मनीला निघताय? आजारी पडायच्या आधीच डॉक्टर गाठा

प्रश्न थोडक्यात असा: "मी ३१ वर्षांचा, कोल्हापूरचा. पुढच्या महिन्यात श्टुटगार्टला सॉफ्टवेअरच्या नोकरीत रुजू होतोय. वार्षिक पगार ५८,००० युरो. बायको तीन महिन्यांनी येईल. आई-बाबांना मे-जूनमध्ये बोलवायचं आहे. बाबांना मधुमेह आहे, अँजिओप्लास्टीही झालीय. एक ओळखीचा सांगतो, प्रायव्हेट विमा घे, निम्म्यात पडतो. काय करू? आणि तिथे तब्येत सांभाळायला काय लक्षात ठेवू?"

मिरजेला एमबीबीएस करून मी इकडे आलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. दक्षिण जर्मनीतल्या एका गावात माझा फॅमिली डॉक्टरचा दवाखाना आहे. आठवड्यातून दोन-तीन तरी मराठी पेशंट येतात, आणि त्यातले निम्मे पहिल्यांदा येतात ते ताप डोक्यात गेल्यावरच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी प्रायव्हेटचा मुद्दा मिटवू, कारण तुमच्या बाबतीत तो प्रश्नच येत नाही. जर्मनीत नोकरदार माणसाला सरकारी पद्धतीचा विमा सक्तीचा असतो. त्यातून बाहेर पडायचं तर पगार एका मर्यादेच्या वर लागतो, आणि २०२६ साठी ती मर्यादा वर्षाला ७७,४०० युरो आहे. तुमचे ५८,००० त्याच्या खूप खाली. म्हणजे तुमच्या ओळखीच्या माणसाने दाखवलेला रस्ता तुमच्यासाठी बंदच आहे, आणि मला विचाराल तर ते बरंच आहे.

हिशेब असा. विम्याचा मूळ दर पगाराच्या १४.६ टक्के. त्यावर प्रत्येक विमासंस्थेचा, म्हणजे क्रांकेनकासेचा, जादा दर असतो. तो २०२६ मध्ये सरासरी २.९ टक्के धरलाय. दोन्हींचा निम्मा भार मालक उचलतो. तुमच्या महिन्याच्या साधारण ४,८३३ युरोंतून सव्वाचारशेच्या आसपास जातील. शिवाय म्हातारपणाच्या शुश्रूषेचा वेगळा विमा आहे, मूल नसलेल्यांना तो थोडा जास्त पडतो. त्याचे एकशे पंधरा-सोळा धरा. एकूण सव्वापाचशे-साडेपाचशे युरो. पहिली पगारपावती बघून सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो, माझ्याही आला होता.

पण त्या पैशात काय मिळतं ते बघा. बायको नोकरी करत नसेल तोवर तिचा विमा त्याच रकमेत. उद्या मूल झालं तर त्याचाही. तुम्हाला आधीपासून कुठला आजार आहे का, हे कोणी विचारत नाही आणि त्यावरून हप्ता वाढत नाही. पगार कमी झाला तर हप्ताही कमी. प्रायव्हेटमध्ये मात्र माणशी वेगळा हप्ता, तोही वय आणि तब्येत बघून. तिशीत तो स्वस्त वाटतो. पन्नाशीत बायको, दोन मुलं आणि रक्तदाब सोबत असतो, तेव्हा परत सरकारीत यावंसं वाटतं. पण वय ५५ उलटलं की ती वाट जवळजवळ बंद होते. पुढे पगार मर्यादेच्या वर गेला की हाच सल्ला देणारे एजंट तुम्हाला फोन करतील. त्या दिवशी हा परिच्छेद आठवा.

(कोणी शिकायला येत असेल तर एक इशारा. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सरकारी विमा सवलतीत मिळतो. सुरुवातीला महिन्याचे काही युरो वाचतात म्हणून त्यातून सूट घेतली, तर ती सूट अख्ख्या शिक्षणभर मागे घेता येत नाही. पुण्याहून निघताना कुणीतरी घाईत सही करून घेतलेला असा एक मुलगा माझ्याकडे आला होता. गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, तेव्हा त्याची पॉलिसी 'प्रवासी' प्रकारातली निघाली.)

एक फट मात्र बुजवायची आहे. सरकारी विमा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू होतो. तुम्ही २५ तारखेला उतरलात आणि नोकरी १ तारखेला, तर मधले दिवस उघडे पडतात. तेवढ्यापुरता प्रवासाचा विमा भारतातूनच घेऊन या. व्हिसासाठी तो लागतोच, पण तारखा नीट जुळवून घ्या, एक-दोन आठवडे जास्तीचेच.

क्रांकेनकासे कुठली, यावर आपली मंडळी फार डोकं खपवतात. टीके, आओके, बार्मर, डाक, नावं पुष्कळ. बहुतेक सगळ्या सोयी कायद्यानेच ठरलेल्या असल्यामुळे उपचारांत फारसा फरक नाही. जिथे फोनवर इंग्रजीत बोलता येतं आणि जादा दर बरा आहे, ती घ्या. वर्षभराने बदलता येते. फोटोचं कार्ड घरी यायला काही आठवडे लागतात. तोपर्यंत त्यांच्याकडून विम्याचं तात्पुरतं प्रमाणपत्र मागून घ्या, डॉक्टरकडे ते चालतं.

आता खरा मुद्दा. कार्ड हातात आलं की आपल्याला वाटतं काम झालं. इथे कार्ड असून चालत नाही, डॉक्टर लागतो. कोल्हापुरात पोटात दुखलं की संध्याकाळी चपला घालून स्पेशालिस्टकडे जाता येतं, दोन तास बाकड्यावर बसलं की नंबर लागतो. इथे आधी हाउसआर्त्स्ट, म्हणजे घरचा डॉक्टर. तो तपासतो, गरज पडली तर युबरवाइझुंग म्हणजे चिठ्ठी देतो, मग स्पेशालिस्टचं टर्मिन, म्हणजे भेटीची ठरवून घेतलेली वेळ. ते टर्मिन त्वचेच्या किंवा सांध्याच्या डॉक्टरकडे कधी कधी काही महिन्यांवरचं मिळतं. आणि घरचे डॉक्टरही पुष्कळ ठिकाणी नवीन पेशंट घेत नाहीत. माझ्या दवाखान्याच्या दारावरही वर्षातले काही महिने तशी पाटी असते. १०२ ताप अंगात घेऊन रस्त्यावर उभ्या असलेल्या मुलाला नाही म्हणताना मला काय वाटतं, ते मीच जाणतो.

म्हणून पत्ता नोंदवून झाला की त्याच आठवड्यात, ठणठणीत असताना, घराजवळच्या दवाखान्यात जाऊन नाव घाला. "नवीन पेशंट घेता का?" एवढंच विचारायचं. घेत असतील तर तब्येत-तपासणीसाठी टर्मिन मागा. १८ ते ३४ या वयात ती एकदा मोफत असते, ३५ नंतर दर तीन वर्षांनी. त्या एका भेटीत तुमची माहिती संगणकात जाते. रक्तदाब, साखरेची जुनी आकडेवारी, वडिलांचा हृदयविकार, सगळं. पुढे फेब्रुवारीत तुम्ही आजारी पडाल तेव्हा फोनवरच्या बाईंना तुमचं नाव माहीत असेल. इथे त्याला फार किंमत आहे.

दवाखाना बंद असेल आणि जीवावरचं नसेल तर ११६११७ हा नंबर. रात्री, शनिवार-रविवारी ड्युटीवरचा डॉक्टर तिथून कळतो, आणि स्पेशालिस्टचं टर्मिन मिळवून द्यायलाही त्यांची मदत होते. छातीत दुखणं, अर्धांगाची लक्षणं, श्वास लागणं असेल तर सरळ ११२. अँब्युलन्सचा खर्च किती येईल म्हणून विचार करत बसू नका. सरकारी विमा असेल आणि गरज खरी असेल तर तुमच्या खिशातून दहा युरो जातात. छातीत कळ येत असताना ट्रामने इस्पितळात आलेला एक सोलापूरचा तरुण मी पाहिलाय. सुदैवाने वाचला.

औषधांचं थोडं वेगळं आहे. प्रिस्क्रिप्शनवरच्या औषधाला पाच ते दहा युरो तुमचे, बाकी विम्याचे. २०२४ पासून प्रिस्क्रिप्शन ऑनलाइन जातं, मेडिकलमध्ये कार्ड दाखवलं की झालं. पण सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक मागू नका, मिळणार नाही. भरपूर पाणी, झोप, चहा, तीन दिवसांनी परत या, असं ऐकून चिडलेले पेशंट मी रोज बघतो. डॉक्टर टाळतोय असं वाटतं, पण विषाणूच्या तापाला तोच उपचार आहे. घरून येताना पॅरासिटामॉलच्या पट्ट्यांनी बॅग भरू नका, त्या इथे चिठ्ठीशिवाय मिळतात. त्यापेक्षा दात दाखवून, सिमेंट भरून, रूट कॅनल उरकून या. चष्मे दोन करून आणा. मोठ्या माणसांच्या चष्म्याला इथला सरकारी विमा सहसा पैसे देत नाही.

आजारपणाच्या रजेबद्दल आपल्या मुलांना विनाकारण अपराधी वाटतं. ताप असताना घरून लॅपटॉप उघडून बसतात. इथे डॉक्टरने आजारी ठरवलं की काम करायचं नसतं, आणि सहा आठवड्यांपर्यंत पगार मालक देतो (नोकरी लागून चार आठवडे झाले की). त्यानंतर क्रांकेनकासे भत्ता देते. तुमच्याकडून एवढंच अपेक्षित असतं की सकाळी काम सुरू व्हायच्या आत ऑफिसला कळवायचं, आणि तीन दिवसांहून जास्त लांबलं तर डॉक्टरचा दाखला. काही ऑफिसं पहिल्याच दिवशी मागतात, करारनाम्यात बघा. दाखला आता दवाखान्यातून विमासंस्थेकडे आपोआप जातो आणि ऑफिस तो तिथून घेतं.

आता आई-बाबा. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात मोठे घोटाळे इथेच होतात.

तुमच्या विम्यात आई-वडील येत नाहीत. बायको-मुलं येतात, आई-वडील नाहीत. त्यांना ९० दिवसांच्या शेंगेन व्हिसावर यायचं तर किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. ही व्हिसापुरती किमान रक्कम आहे, पुरेशी रक्कम नव्हे. हृदयाचं दुखणं असलेल्या माणसासाठी मी एक लाख युरोंच्या खाली जाऊ देणार नाही.

पण रकमेपेक्षा महत्त्वाची आहे ती 'आधीपासूनचे आजार' ही ओळ. पाच वर्षांपूर्वी एक जोडपं आलं होतं. सासरे नाशिकहून आलेले, सत्तरीच्या आत-बाहेर. त्यांनी टेबलावर प्लास्टिकची पिशवी उलटी केली. त्यात ग्लायकोमेट, टेल्मा, इकोस्प्रिन, आणि अर्धी कापलेली एक पट्टी, जिच्यावर नाव उरलंच नव्हतं. चार दिवस चालताना छाती जड होत होती. ईसीजी बघून मी त्यांना लगेच इस्पितळात पाठवलं, स्टेंट बसला, माणूस बरा झाला. मग विमा कंपनीने भारतातली जुनी कागदपत्रं मागितली. फॉर्मवर 'पूर्वीचे आजार' या रकान्यात 'नाही' लिहिलेलं होतं. एजंट म्हणाला होता, "असंच लिहा, हप्ता कमी येतो." दावा नाकारला गेला. बिल दहा हजार युरोंच्या वर होतं, आणि ते जावयाने तीन वर्षं हप्त्यांनी फेडलं. सासरे परत जाताना माझ्याकडे आले होते. डोळे वर करून बोलत नव्हते.

म्हणून पहिली गोष्ट: काहीही लपवायचं नाही. मधुमेह लिहायचा, अँजिओप्लास्टी तारखेसकट लिहायची. दुसरी, पॉलिसी घेताना हा एकच प्रश्न लेखी विचारा: जुन्या आजाराचा अचानक, अनपेक्षित भडका उडाला तर तुम्ही पैसे देता का, आणि किती? काही पॉलिसी अजिबात देत नाहीत, काही फक्त जीव वाचवण्यापुरते देतात आणि त्यावर वेगळी मर्यादा घालतात. उत्तर ईमेलवर घ्या. फोनवरचं 'हो सर, कव्हर आहे' काही कामाचं नाही. भारतातून घेतलेली पॉलिसी आणि इथल्या कंपन्यांची पाहुण्यांसाठीची पॉलिसी, दोन्ही मागवून ती ओळ शेजारी-शेजारी ठेवून वाचा. वय ६५ किंवा ७० ओलांडलं की हप्ता एकदम चढतो, त्याची तयारी ठेवा. आणि नेहमीची तपासणी, रोजच्या गोळ्या, ठरवून करायची ऑपरेशनं कुठल्याच प्रवासविम्यात नसतात. "येतायत तर गुडघे दाखवून घेऊ" हा विचार सोडून द्या.

बाबांच्या कार्डियोलॉजिस्टना निघायच्या महिनाभर आधी दाखवा. डिस्चार्ज कार्ड, शेवटचा ईसीजी आणि इको यांचे फोटो तुमच्या फोनमध्ये हवेत. एका कागदावर सगळ्या औषधांची मूळ नावं इंग्रजीत लिहून आणा: मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, क्लोपिडोग्रेल, अशी, मिलिग्रॅमसकट. कंपनीची नावं इथल्या मेडिकलवाल्याला समजत नाहीत. छोटे फरकही असतात. आपल्याकडे ॲस्पिरिन ७५ चालते, इथे १०० ची मिळते. पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या आणा, तीन महिन्यांपर्यंत स्वतःपुरत्या आणायला हरकत नाही. आणि त्या हातातल्या बॅगेत, सामानात टाकलेल्या नव्हे. इन्सुलिन असेल तर तेही हातातच, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. उन्हाळ्यात वेळेचा फरक साडेतीन तासांचा, प्रवासाच्या दिवशीचं इन्सुलिन कसं घ्यायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. स्टेंट नवा असेल तर रक्त पातळ करणारी गोळी एकही दिवस चुकता कामा नये.

ग्लुकोमीटर घरचाच आणा. जर्मनीच्या पूर्व भागात साखर वेगळ्या एककात सांगतात. तिकडे "सात" म्हणजे आपले साधारण १२६, अठराने गुणायचं. श्टुटगार्टला ही अडचण नाही, पण ड्रेस्डेन-लाइपझिगला फिरायला गेलात तर बाबा आकडा ऐकून घाबरतील किंवा खूश होतील, दोन्ही चुकीचं.

दाखल करायची वेळ आलीच तर पॉलिसीवरच्या मदत-नंबरवर लगेच फोन करा, शक्य असेल तर दाखल होण्याआधी. बिल झाल्यावर कळवलं की वाद सुरू होतात. तो नंबर बाबांच्या पाकिटात कागदावर लिहून ठेवा. फोनची बॅटरी नको त्या वेळी संपते.

बायकोबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो. आल्या आल्या तिचं नाव तुमच्या विम्यात घालायचा फॉर्म भरा, लग्नाचा दाखला तयार ठेवा. बाळाचा विचार असेल तर चाचणी पॉझिटिव्ह आली त्याच आठवड्यात हेबामे, म्हणजे सुईण, शोधायला लागा. मोठ्या शहरांत त्या लवकर भरतात. बाळंतपणानंतर ती घरी येऊन बाळ-बाळंतीण बघते, दूध पाजायला शिकवते, आणि तो खर्च विम्याचा. आई इथे नसताना तिच्यासारखा आधार दुसरा नाही. घरून बाहेर न पडणाऱ्या, भाषा न येणाऱ्या मुली पहिल्या हिवाळ्यात फार एकट्या पडतात. सकाळी उठावंसं वाटत नाही, भांडणं वाढतात, जेवण जात नाही. असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर घरच्या डॉक्टरला सांगा, लाजू नका. त्यावरचा उपचारही याच विम्यात आहे.

तब्येतीचं म्हणाल तर तीन-चार गोष्टीच. ऑक्टोबर ते मार्च इथलं ऊन ड जीवनसत्त्व तयार करायला पुरत नाही, आणि आपल्या सावळ्या त्वचेला ते आणखीच कमी पडतं. हिवाळ्यात रोज ८०० ते १,००० युनिटची गोळी बहुतेकांना पुरते. गावाकडून आणलेली ६०,००० ची पुडी दर आठवड्याला वर्षभर घेणारे लोक माझ्याकडे येतात. तसं करू नका, रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो. शाकाहारी असाल तर बी-१२ तपासून घ्या, बाबा मेटफॉर्मिनवर आहेत म्हणजे त्यांचंही. आणि वजन. इथला तक्ता २५ पर्यंतच्या बीएमआयला (उंचीच्या मानाने वजन मोजायचा आकडा) ठीक म्हणतो, पण आपल्या लोकांत मधुमेह त्याआधीच गाठतो, म्हणून २३ च्या वर गेलात की सावध व्हा. घरात हृदयविकार आहे हे डॉक्टरला स्वतःहून सांगा. बारीक दिसणाऱ्या तिशीतल्या भारतीय मुलाची साखर तपासावी, हे इथल्या प्रत्येकाला सुचेलच असं नाही.

आणि गोचीड. गुरांच्या अंगावरची गोचीड तुम्हाला माहीत असेल, इथे ती गवतातून माणसाला लागते. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये आणि शेजारच्या बव्हेरियात तिच्यातून मेंदूज्वराचा एक विषाणू येतो. त्याची लस आहे, तीन डोस, आणि तुमच्या भागात विमा तिचे पैसे देतो. हिवाळ्यात सुरू करा, म्हणजे वसंतापर्यंत संरक्षण तयार होतं. दुसरा आजार बोरेलिओसिस, त्याला लस नाही. जंगलात फिरून आलात की गुडघ्यामागे, जांघेत, काखेत बघा. गोचीड चिमट्याने सरळ ओढून काढा, तेल-रॉकेल लावू नका. काही दिवसांनी लाल गोल चट्टा पसरत गेला तर दवाखान्यात या, अँटिबायोटिक तेव्हा आम्ही लगेच देतो.

गणपतीला घरी याल तेव्हा हा विमा भारतात चालत नाही, हेही ध्यानात असू द्या. डेंग्यू होऊन कोल्हापुरात दाखल झालात तर बिल तुमचं. त्यासाठी इथे परदेशप्रवासाचा वार्षिक विमा मिळतो, एका माणसासाठी वर्षाला थोड्याच युरोंचा. एका खेपेला किती आठवडे चालतो आणि मायदेश वगळलाय का, या दोन ओळी वाचून घ्या.

भारतातली तुमची जुनी आरोग्य पॉलिसी बंद करू नका. पाच-सात वर्षांनी परतलात आणि तोवर रक्तदाब लागलेला असला, तर नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. चालू पॉलिसीला सलग पाच वर्षं झाली की फसवणुकीचा मुद्दा सोडला तर माहिती लपवल्याच्या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही. आई-बाबांची पॉलिसी तर ते इकडे असतानाही वेळेवर नूतनीकरण करा. हप्त्याची तारीख त्यांच्या जर्मनीच्या मुक्कामात पडते आणि चुकते, असं मी दोनदा बघितलंय.

बाबांची अँजिओप्लास्टी कधी झाली, स्टेंट किती आहेत, सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत आणि त्यांचं वय काय, एवढं कळवा. मग पॉलिसीतली ती ओळ तुमच्यासाठी कशी असायला हवी, ते नेमकं सांगता येईल.